झुल्मिराचं तिसरं पत्र

अर्जाला मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता. त्याऐवजी एक फोटो होता. वाळूत रोवलेली लाकडी फळी, तिच्यावर काळ्या रंगाने लिहिलेलं नाव आणि खाली दोन तारखा. नियम सरळ होता. सरकारी शिक्का नसेल तर 'कागद अपुरा' हे बटण दाबायचं आणि पुढच्या अर्जाकडे वळायचं. पर्वरीच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, सकाळी अकराच्या सुमाराला देवकी गावसचं बोट त्या बटणावर गेलंही होतं. सवयीने. मग तिने फळीवरचं नाव वाचलं. झुल्मिरा. बोट तिथंच राहिलं. शेजारच्या टेबलावरची सिद्धी नेहमीसारखी भराभर बटणं दाबत होती, एसीचा वारा नेहमीसारखा मानेवर येत होता, आणि देवकीला वाटलं की जिना उतरताना आपण एक पायरी जास्त धरली आहे; पाय खाली गेला आणि खाली काहीच नाही.

अर्ज झुल्मिराच्या मुलीने केला होता. इनेश नाव. वय एकोणीस. 'खातेदाराशी नाते' या रकान्यात तिने लिहिलं होतं, मुलगी. 'विनंतीचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं : 'माझी आई अकरा तारखेला गेली. ती घरी होती. ज्यांनी केले त्यांना कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. दाखला देणारे ऑफिस जळले आहे म्हणून फोटो जोडला आहे. आईचे खाते पुसू नका, तिच्या पानावर माणसे आहेत. फक्त नकाशावरची आमच्या घराची खूण काढा.' पोर्तुगीज साधी होती, शाळेत नीट शिकलेल्या मुलीची. देवकीने आयुष्यभर अशाच वह्या तपासल्या होत्या. डिचोलीच्या एका शाळेत तिने सोळा वर्षं पोर्तुगीज शिकवली होती. मुलं कमी होत गेली, एका जूनमध्ये वर्गच भरला नाही, आणि घरी बसलेल्या देवकीला कुणीतरी जाहिरात दाखवली. पोर्तुगीज वाचता येणारे हवेत. जिच्यासाठी हे ऑफिस काम करायचं ती कंपनी कुठल्या तरी दूरच्या देशात होती आणि तिचं ॲप अर्ध्या जगाच्या फोनवर होतं. आफ्रिकेतला एक देश पोर्तुगीज बोलायचा. त्याच्या उत्तरेकडे चार-पाच वर्षं मारामारी चालू होती. तिथून येणाऱ्या तक्रारी वाचायला गोव्यातली अकरा माणसं बसवली होती. ऑफिसात त्या भागाला नावसुद्धा नव्हतं. 'उत्तर-चार' म्हणायचे. सुरुवातीला देवकीला हे बरं वाटलं होतं. आपली भाषा कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे, असं तिने वडिलांना सांगितलं होतं.

झुल्मिराला ती ओळखत नव्हती असं म्हणता आलं असतं. एका प्रकारे ते खरंही होतं. पण तिचं पान देवकीला माहीत होतं. 'कुणी पाहिलंय का' असं त्याचं नाव. झुल्मिरा समुद्रकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि तिच्या वर्गातली दोन भावंडं बेपत्ता झाली तेव्हा तिने त्यांचे फोटो या पानावर घातले. मग लोक आपापल्या माणसांचे फोटो पाठवू लागले. मासे विकणारी बाई, रिक्षा चालवणारा, लग्नाच्या कपड्यातलं जोडपं. प्रत्येक फोटोखाली झुल्मिरा नाव, वय आणि शेवटचं कुठं पाहिलं ते लिहायची. दोनशे अकरा माणसं होती पानावर. त्यांतली सतरा सापडली होती, आणि सापडलेल्यांच्या फोटोला ती पिवळी चौकट घालायची. जूनमध्ये कंपनीने ॲपमध्ये नवीन सोय आणली, 'जवळपास'. कोणतं पान आपल्यापासून किती अंतरावरून चालतं ते नकाशावर ठिपक्याने दिसायचं. शहरातल्या लोकांना केकवाली, शिवणवाली जवळच्या जवळ सापडावी म्हणून. जाहिरातीत एक हसरी मुलगी ठिपक्याच्या मागे चालत जाऊन फुलांच्या दुकानात शिरते. ही सोय सगळीकडे एकाच दिवशी सुरू झाली आणि कुणालाही न विचारता सुरू झाली. उत्तर-चारमध्येही.

जुलैत पहिलं पत्र आलं. 'तुमचे यंत्र आमच्या पानाजवळ माझ्या घराची खूण दाखवते. येथे शस्त्रे घेतलेली माणसे घरे शोधत असतात. कृपया ती खूण काढा.' देवकीच्या पडद्यावर ते आलं तेव्हा कोपऱ्यात आकडा उलटा चालत होता. एका तक्रारीला अडतीस सेकंद. खाली चार बटणं. अश्लील आहे, हिंसक आहे, खोटं खातं आहे, नियमभंग नाही. भीती वाटते असं बटण नव्हतं. तिने 'नियमभंग नाही' दाबलं, कारण खरोखरच कुणी नियम मोडला नव्हता. नंतर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना तिला त्या पत्रातला 'कृपया' आठवला होता. पत्राच्या अगदी शेवटच्या वाक्यात, परक्याच्या घरी पाणी मागताना म्हणतात तसा. एवढंच.

ऑगस्टमध्ये दुसरं आलं. त्यात झुल्मिराने पहिल्या पत्राची तारीख घातली होती, उत्तराची तारीख घातली होती, आणि मग लिहिलं होतं की तुमच्या उत्तरात नियमभंग नाही असे आहे, पण मी कुणाची तक्रार करत नसून मदत मागते आहे. पान बंद करावे असे शेजारी सांगतात. ते मी करू शकत नाही, त्यावरच्या माणसांच्या घरचे लोक रोज तेथे येऊन बघतात. अडतीस सेकंद संपले, आकडा लाल झाला, देवकीने ते उघडंच ठेवलं. चार मिनिटांनी ती उठून प्रशांतकडे गेली होती. प्रशांत त्यांच्या गटाचा प्रमुख, पेडण्याचा, तिशीही न गाठलेला, स्वभावाने चांगला. त्याने वाचलं, "वर पाठवतो मॅडम," म्हणाला आणि खरंच पाठवलं. चार दिवसांनी वरून उत्तर आलं : हा भाग प्राधान्य यादीत नाही. 'जवळपास' या सोयीचा आढावा पुढच्या तिमाहीत घेतला जाईल. तोवर वापरकर्त्यास ठरावीक उत्तर क्रमांक सहा पाठवावे. उत्तर क्रमांक सहा म्हणजे, आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे. देवकीने ते पाठवलं. पाठवताना त्यातली पोर्तुगीजची एक चूक तिला दिसली. ती दुरुस्त करायचीही सोय नव्हती.

आणि सप्टेंबरमध्ये तिसरं. पडद्यावर आधी नाव येतं, मग दाबलं की मजकूर उघडतो. देवकीने नाव पाहिलं. बटणांच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक पाचवं बटण असतं, 'पुढे ढकला'. जेवायला उठायचं असेल, डोळे दुखत असतील, तर ते दाबायचं; तक्रार रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जाते. तिने ते दाबलं होतं. त्या दिवशी ती जेवायला उठणार नव्हती आणि तिचे डोळे दुखत नव्हते.

आता त्या फळीच्या फोटोसमोर बसून ती हेच आठवत होती. दाबल्यानंतर आपल्याला काय वाटलं होतं? सुटल्यासारखं. मनात असंही आलं होतं की दुसरं कुणीतरी वाचेल, आपल्यापेक्षा हुशार, वरच्यांशी भांडणारं. गटातल्या मेरीने वाचलं असेल, त्या म्हापशाच्या नवीन मुलाने वाचलं असेल. नंतर तिने कुणालाही विचारलं नाही. महिन्याभरात तिच्या कामाचा वेग कमी झाला तेव्हा प्रशांतने स्वतःहून तिला 'स्मृती' विभागात बसवलं. मेलेल्या माणसांची खाती. "इथं जरा शांत असतं मॅडम," तो म्हणाला होता. कागद बघायचे, तारखा जुळवायच्या, खात्यावर राखाडी पट्टी चढवायची. कुणी काही मागत नाही.

देवकीने अर्ज तसाच ठेवून खुर्ची मागे सारली. उचललेला अर्ज चोवीस तास त्याच माणसाच्या नावावर राहतो, तेवढं तिला माहीत होतं.

"प्रशांत, त्या नकाशावरचा ठिपका बंद कसा करतात?"

तो वळला. तिचा चेहरा पाहून उभाच राहिला. "काय झालं मॅडम?"

"झुल्मिरा गेली. पानवाली. तिची पत्रं घेऊन तुझ्याकडे दोनदा यायला हवं होतं, एकदाच आले."

त्याला नाव आठवायला थोडा वेळ लागला. मग आठवलं. तो खाली बसला. "मॅडम, तुमचा काही दोष नाही. आपण वर कळवलं होतं."

"मी दोषाचं विचारत नाही. ठिपका बंद कसा करतात ते विचारते."

प्रशांतने आपल्या पडद्यावर दाखवलं. आधी खातं, मग पानाची मांडणी, मग 'आणखी', मग 'व्यवसायाची माहिती', आणि तिथे सगळ्यांत खाली एक कळ. ती उजवीकडून डावीकडे सरकवली की ठिपका जातो. चौथ्या पायरीपासून पुढचं सगळं इंग्रजीत होतं. पोर्तुगीज भाषांतर अजून झालेलं नव्हतं. झुल्मिरा 'व्यवसाय' या शब्दाखाली आपलं घर कशाला शोधेल? आणि देवकीला तरी कुठं माहीत होतं? जुलैपासून तिला त्या ठिपक्याबद्दल माहीत होतं आणि तो कसा विझवायचा ते तिने कधी विचारलं नव्हतं, कारण वापरकर्त्याला उद्देशून स्वतःचं एक वाक्यही लिहिण्याची तिला मुभा नव्हती. तिने मनाशी मोजलं. पाच पायऱ्या. सांगायला अडतीस सेकंद पुरले असते.

"तुम्ही घरी जा आज," प्रशांत म्हणाला. "मी काहीतरी सांगतो."

पणजीला येऊन तिने साखळीची बस धरली. दुपारची बस अर्धी रिकामी होती. माशेलपर्यंत तिने खिडकीबाहेर बघितलं आणि काही पाहिलं नाही. लोकांच्या हातात फोन होते. एक बाई भावाला व्हिडिओवर बाजारातली भाजी दाखवत होती. दोन कॉलेजच्या मुली डोकं डोक्याला लावून कशावर तरी हसत होत्या. देवकीला वाटलं, यातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक ठिपका आहे आणि कुणाला काही होत नाही, कारण इथं कुणी कुणाला शोधत नाही. ज्यांनी तो ठिपका केला त्यांच्याही गावात कुणी कुणाला शोधत नसणार. त्यांनी फुलांच्या दुकानापर्यंत विचार केला होता. खांडोळ्याला बस पुलावर चढली, खाली मांडवी पसरट आणि मातकट, खनिजाचे बार्ज बंद पडल्यापासून नदी रिकामीच दिसायची. तिला एकदम रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिच्या मनात एक हट्टी विचार फिरत होता की झुल्मिराच्या गावातली वाळू कशी असेल. फोटोत ती पांढरी दिसत होती. पांढऱ्या वाळूत फळी नीट उभी राहत नाही. कुणीतरी ती धरून ठेवली असेल, दुसऱ्या कुणी दगड लावले असतील. ती मुलगी धरून उभी असेल का?

आमोण्याच्या घरी वडील खिडकीजवळ बसले होते. सगुणबाब म्हणून अख्खा गाव त्यांना ओळखायचा; पंच्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं, कान मात्र शाबूत. पायरव ऐकूनच ते म्हणाले, "आज बेगीन आलीस गो, दुपारचीच?"

"हो बाबा. काम संपलं."

"तुझं काम संपतं कधी मगे?"

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि लहानपणी शाळेतलं सांगायची तसं तिने सगळं सांगितलं. पान, ठिपका, पत्रं, फळी. सगुणबाब कान देऊन ऐकत होते. पोर्तुगीज तिला त्यांनीच शिकवली होती. गोव्यातून पोर्तुगीज गेले तेव्हा ते वीस-एकवीस वर्षांचे होते, शिक्षण त्या भाषेत झालेलं, आणि पुढं सुर्ल्याच्या खाणीवर कारकुनी करताना सगळा पंचक्रोशीचा कागद त्यांच्याकडे वाचायला यायचा. देवकी आठ वर्षांची असताना सुर्ल्याहून पद्मावती नावाची बाई आली होती, पत्र पदराच्या गाठीत बांधून. तिचा नवरा बोटीवर स्वयंपाकी होता, आणि पत्र आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरातल्या हॉस्पिटलातून आलं होतं. बाबांनी ते आधी मनात वाचलं. मग "बस गो" म्हणाले, आईला चहा ठेवायला सांगितलं, आणि बाई बसल्यावर एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं, ताप कधी चढला, कितव्या खाटेवर होता, शेवटी पाणी कुणी दिलं. एकही ओळ गाळली नाही. पद्मावती रडली नाही. साडीवरचा कसलासा धागा काढत राहिली. मग बाबांनी पायात चपला घातल्या आणि तिच्याबरोबर भर उन्हात सुर्ल्यापर्यंत चालत गेले. संध्याकाळी परत आल्यावर आई म्हणाली, तुम्ही कशाला, कुणालातरी पाठवायचं होतं सोबत. बाबा म्हणाले होते, "कागद मी वाचला मगे." देवकीला तेव्हा ते उत्तर वाटलंच नव्हतं.

"किती वेळा लिहिलं म्हणालीस तिनं?" सगुणबाबांनी विचारलं.

"तीनदा."

"आणि तू तीनदा वाचलंस?"

"दोनदा," देवकी म्हणाली. "तिसऱ्यांदा मी वाचलं नाही, बाबा. नाव बघितलं आणि पुढे ढकललं."

त्यांनी मान तिच्या दिशेने वळवली. फारसं दिसत नसतानाही ते बघतात तेव्हा तिला नेहमी अंग चोरावंसं वाटायचं. ते तिला समजावतील, असं तिला आतून वाटत होतं. तुझ्या हातात काय होतं, तू नोकर माणूस, असं काहीतरी. त्यांनी विचारलं, "आई गेलेल्या त्या चेडवाक कोण आहे आता?"

"आजी आहे, अर्जात पत्त्याखाली लिहिलंय. त्याच घरात आहेत."

"मग इथं कशाला बसलीस?"

तिने फोन उघडला. वापरकर्त्याशी स्वतःहून संपर्क साधायचा नाही, हे करारात तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. तिने 'कुणी पाहिलंय का' हे पान शोधलं, आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोच्या खात्यावरून निरोप लिहिला. लिहायला पाऊण तास लागला. पहिल्या मसुद्यात फार दिलगिरी होती, ती तिने पुसली. शेवटी राहिलं ते एवढं : 'मी देवकी. मी भारतात, गोव्यात राहते. तुझ्या आईची पहिली दोन पत्रे कंपनीत मी वाचली. घराची खूण बंद करता येते. कशी ते खाली लिहिते आहे, आत्ता लगेच कर.' आणि मग पाच पायऱ्या, इंग्रजी शब्द जसेच्या तसे, त्यांचा अर्थ शेजारी.

आईच्या फोनवरून इनेशचं उत्तर वीस मिनिटांत आलं. 'तुम्ही माणूस आहात का?'

'हो.'

'आवाज पाठवा.'

देवकीने फोन तोंडाजवळ धरला. वर्गात शिरताना घसा साफ करायची तसा केला आणि पोर्तुगीजमध्ये आपलं नाव, गावाचं नाव, नदीचं नाव सांगितलं. इनेशने लिहिलं, 'तुम्ही पुस्तकातल्यासारखं बोलता. माझे आजोबा असे बोलायचे.' मग काही मिनिटं काहीच नाही. सगुणबाबांनी विचारलं, "काय म्हणते?" देवकी म्हणाली, "करते आहे." तिने पानाशेजारचा नकाशा उघडून ठेवला होता, आणि त्याच्यावर, निळ्या समुद्राला टेकून, तो ठिपका होता. ती पापणी न लववता बघत राहिली. तो गेला.

'झालं,' इनेशने लिहिलं. आणि मग, 'इतकंच होतं?'

देवकीने हो लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं. त्याच्यानंतर आलेलं वाचताना तिने भिंतीला पाठ टेकवली. 'आईने तीन पत्रं लिहिली होती. तिसऱ्याला उत्तर आलं नाही. ती रोज सकाळी शाळेत जाण्याआधी फोन बघायची. त्यात काय लिहिलं ते तिने मला सांगितलं नाही, आणि तुमच्या तक्रारपेटीत पाठवलेलं इथून परत दिसत नाही. तुमच्याकडे ते आहे का?'

दुसऱ्या दिवशी देवकी नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेली. फोन खाली कपाटात ठेवला. वर कागद-पेन न्यायची परवानगी नव्हती. पडद्यावर इनेशचा अर्ज अजून तिच्या नावावर होता, आणि बाजूला 'जुना पत्रव्यवहार' असा कप्पा, जो तिने काल उघडला नव्हता. आज उघडला. आधी नोंद दिसली. तिसरं पत्र नऊ वेळा पुढे ढकललं गेलं होतं. नऊ वेळा, प्रत्येक वेळी तीन-चार सेकंदांत, आणि यादीत पहिली वेळ तिची होती. अकरांतल्या नऊ जणांना ते नाव ओळखीचं होतं. ही गोष्ट तिला कधी सुचलीच नव्हती, की बाकीचेही झुल्मिराचं पान बघत असतील, की त्या सगळ्यांनाही ती बाई माहीत असेल आणि सगळ्यांनीच आपल्यापेक्षा धीट कुणीतरी पुढे बसलं आहे असं धरलं असेल. बहात्तर तास झाल्यावर शेवटची नोंद : मुदत संपली, आपोआप बंद. कुणीही न वाचता. मग तिने मजकूर उघडला.

'तिथे कोण आहे? माझ्या पहिल्या पत्राला अर्ध्या मिनिटात उत्तर आले. मला वाटले, ते यंत्र आहे. दुसऱ्याला चार दिवस लागले. यंत्र चार दिवस घेत नाही. म्हणजे तुम्ही वाचले, विचार केला, कुणाला तरी विचारले. मला त्याने फार बरे वाटले. उत्तरात काही नव्हते, पण ते तुमच्या हातात नसेल. आता एकच विचारते. आमच्या घराच्या मागे गेल्या आठवड्यात दोन माणसे उभी होती, त्यांच्या हातात फोन होता. माझ्या बहिणीचे घर आत डोंगराकडे आहे, तिकडे जाता येईल. पण शाळा सुरू आहे आणि मी गेले तर वर्ग बंद पडेल. तुम्ही खूण काढणार असाल तर आम्ही राहतो. काढता येणार नसेल तर तसे सांगा, आम्ही निघतो. हो किंवा नाही, एवढेच कळवा. तुम्ही एकदा विचार केला आहे, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवते. तुमचे उत्तर येईपर्यंत आम्ही इथेच थांबतो.'

तिने ते दुसऱ्यांदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. सिद्धी काहीतरी विचारत होती, तिला ऐकू आलं नाही. वर्गात ती मुलांना क्रियापदं पाठ करून घ्यायची तशी तिने एकेक ओळ घेतली, डोळे मिटून मनात म्हटली, उघडून ताडून पाहिली. शब्द चुकवून चालणार नव्हते. दुसऱ्या पत्राची ती चार मिनिटं, प्रशांतच्या टेबलापर्यंतची वीस पावलं, ज्यांच्या जोरावर ती गेले काही आठवडे स्वतःला थोडं माफ करत आली होती, त्याच चांगुलपणाने त्या बाईला घरात थांबवलं होतं. हे तिला कळलं तेव्हा वाचता वाचता ओळी वाकड्या दिसू लागल्या. तिने डोळे पुसले आणि शेवटचं वाक्य पुन्हा पाठ केलं. सगळं एकदाही न चुकता म्हणता आलं तेव्हा तिने अर्जावर 'मंजूर' दाबलं. दाखल्याचा क्रमांक विचारला गेला. तिने फळीवरच्या दोन तारखा टाकल्या.

इनेशला पाठवलेला निरोप आणि त्या नऊ नोंदी, सगळं तिने प्रशांतला स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत असं समजू या का?" ती म्हणाली, "नको." दुपारपर्यंत पडद्यावरून कंपनीची एक बाई तिच्याशी बोलली, अतिशय सभ्यपणे, आणि विचारलं की नियम माहीत असूनही असं का केलं. देवकीने तिला तिसरं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, इंग्रजीत करून, एकही ओळ न गाळता. पलीकडची बाई ऐकत राहिली. तिचा चेहरा किंचित हलला, मग तिने खाली बघून काहीतरी लिहिलं आणि आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं. तिचा राग करावा असं देवकीला वाटलं, पण त्या बाईच्याही पुढे तसाच एक आकडा उलटा चालत असणार. प्रशांत तिची पिशवी घेऊन खालपर्यंत आला. फाटकाशी म्हणाला, "त्या नऊमध्ये मीसुद्धा होतो. सिद्धी सुट्टीवर होती तेव्हा तिच्या जागी बसलो होतो." देवकीने त्याच्या दंडाला हात लावला.

रस्त्यापलीकडे एका झाडाखाली सिमेंटचा बाक होता. तिथं बसून तिने पाठ केलेलं पत्र आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं. वाहनं जात होती म्हणून दोनदा थांबावं लागलं. शेवटच्या वाक्यापाशी ती अडली. ते वगळता आलं असतं. मुलीला कधी कळलं नसतं, आणि उरलेलं पत्र धीराचं होतं, आईची आठवण म्हणून जपावं असं. एकोणीस वर्षांच्या पोरीने का वाहायचं ते वाक्य? पण तिने म्हटलं. तुमचे उत्तर येईपर्यंत आम्ही इथेच थांबतो. मग स्वतःच्या शब्दांत, हे पत्र मला आलं होतं, मी ते उघडलं नाही. आणि पाठवून दिलं.

नऊ दिवस काही आलं नाही. त्या दिवसांत देवकी बाबांना जेवू घालायची, वास्कोहून भावाचा फोन आला की नोकरी सोडली म्हणायची. पानावर नवीन फोटो येत नव्हते. ती सकाळी उठून आधी ते बघायची. कंपनीने उत्तर-चारमध्ये 'जवळपास' ही सोय बंद केली ती पुढे फेब्रुवारीत, दोन ओळींची सूचना देऊन. वापरकर्त्यांच्या अनुभवात सुधारणा करण्यासाठी, असं तिच्यात म्हटलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी, ती मागल्या दारी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असताना, फोन वाजला. इनेशने लिहिलं होतं : 'आम्ही मावशीकडे पोचलो. आजी बरी आहे. पान आता मी बघणार. आईचा फोटो मी त्याच्यावर घातला नाही, कारण ती कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही पाठवलेलं मी रोज ऐकलं. आवाज तुमचा आहे पण शब्द तिचे आहेत, ती अशीच लिहायची. तुम्ही त्या वेळी नुसतं 'नाही' एवढं कळवलं असतं तरी ती निघाली असती. हे मी मनातून काढू शकत नाही आणि तुम्हाला माफ केलं असंही मी लिहिणार नाही. पण मी एकटीने हे रोज आठवायचं, ते मला जमत नाही. तुम्ही आठवाल का?'

देवकीने हातातले कपडे तसेच दोरीवर टाकले. तिने लगेच उत्तर लिहिलं, एका शब्दाचं. मग पलीकडे ते वाचलं गेल्याची खूण उमटेपर्यंत ती उन्हात तिथंच उभी राहिली.